काकांचे हिरे

अहो, ऐकलंत का? या, जरा कुंपणाच्या अलीकडे या, चारचौघांत बोलायची गोष्ट नाही ही. ती व्हिक्टोरिया राणी हो, गळाभर हिरे घालून मिरवायची ना, त्यातला भारीतला भारी माल तिचा नव्हताच मुळी! काकांचा होता. हॅनोव्हरचे ते अर्नेस्टकाका. एका डोळ्यानं अधू, तोंडावर लढाईतला वण, आणि जिभेचं तर विचारूच नका. वीस वर्षं भांडण चाललं. शेवटी बाईला पेट्या उघडून आजीचे दागिने मोजून द्यावे लागले, आणि तेही कधी, तर थोरल्या लेकीच्या लग्नाच्या तोंडावर! आता बोला.

मूळ सगळं त्या शार्लटआजीपाशी. १७६१ मध्ये सतरा वर्षांची पोर मेक्लेनबुर्गहून आली, दुपारी लंडनात उतरली आणि रात्री लग्नाला उभी. इंग्रजीचा गंध नाही. तिसऱ्या जॉर्जनं बायकोला दागिने मात्र असे घातले की बघणाऱ्यानं डोळे चोळावेत. गळ्याखालून थेट कमरेपर्यंत हिऱ्यांची वेलबुट्टी, तिचीच किंमत साठ हजार पौंड म्हणत. आणि खांद्यावर मखमलीचा तो जड झगा, तो कशानं अडकवलेला? मोत्यांच्या घोसानं! मोती बिचारे किती ओझं पेलणार? झगा घसरला तो घसरला, बाकीचे कपडेही अर्धे खाली ओढून गेला. तो होरेस वॉलपोल, लंडनातला एक नंबरचा चहाटळ, त्यानं पत्रात लिहून ठेवलंय की नवरीचं वरचं अंग जितकं नवऱ्याला ठाऊक, तितकं सगळ्या वऱ्हाडालाही ठाऊक झालं. शी! पण आपण तरी काय, वाचतोच ना.

तर काय सांगत होते... हां, मृत्युपत्र. आजी गेली १८१८ मध्ये. आजोबा तेव्हा विंडसरला, डोळ्यांनी गेलेले, डोकंही ठिकाणावर नाही. आजीनं बाकी वाटणी चोख लिहिली होती. नवऱ्यानं पन्नास हजार पौंड मोजून विकत घेऊन दिलेले दागिने हॅनोव्हरच्या घराण्याला, म्हणजे वडिलोपार्जित म्हणून तिकडेच राहायचे. आणि अर्काटच्या नवाबानं पाठवलेले हिरे विकून पैसे चार लेकींना. झालं काय? थोरल्या चिरंजिवांनी, चौथ्या जॉर्जनं, ते अर्काटचे हिरे सरळ खिशात घातले. बहिणी बसल्या तोंडाकडे बघत. मोठा भाऊ ना!

आणि पुढचं ऐका, हे तर आपल्या घरचंच आहे. ते अर्काटचे हिरे गेले रंडेल सराफाकडे. आणि त्याच रंडेलकडे कुठला हिरा पडून होता, माहीत आहे? आपला नाशिकचा! त्र्यंबकेश्वराचा. दुसऱ्या बाजीरावाकडून १८१८ मध्ये कंपनीनं लाटला तोच. शंकराच्या अंगावरचा हिरा, या लोकांनी त्याला परत पैलू पाडून ठेवले होते. १८३७ मध्ये लिलाव झाला आणि दोन्ही एकाच घरात गेले, वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे. त्यानं नाशिकचा हिरा कुठे बसवावा? तलवारीच्या मुठीत! आमचे हे म्हणाले, अगं, तलवारीला बरा शोभेल. मी म्हटलं, पेशव्यांच्या तलवारीला शोभला असता तर काही झालं असतं.

बरं, त्या रंडेलचंच आणखी एक, आठवलं म्हणून सांगते, मग विसरेन. व्हिक्टोरियाचा राज्याभिषेक, २८ जून १८३८. अंगठी यांनीच घडवलेली. माप घेतलं करंगळीचं, आणि आर्चबिशप म्हणतो, नाही, करंगळीशेजारच्या बोटातच जायला हवी. बाई सांगतेय जात नाही, हा आपला रेटतोय. घातलीच! सगळ्या सभेपुढे एकोणीस वर्षांची पोर ओठ दाबून बसली. नंतर बर्फाच्या पाण्यात बोट बुडवलं तेव्हा कुठे निघाली. सराफानं चूक करावी आणि बोट गिऱ्हाईकाचं सुजावं!

तर काय सांगत होते... १८३७. चौथा विल्यम गेला, इंग्लंडची गादी पुतणीला. पण हॅनोव्हरात लेकीला गादी नाही हो, तिथला कायदा तसा. तिथे राजा कोण? अर्नेस्टकाका. तोवर दोन्ही राज्यं एकाच्याच डोक्यावर होती, त्यामुळे दागिने कुणाचे, असं कुणी विचारलंच नव्हतं. आता घर फुटलं आणि काकांचं पत्र आलं. आईनं लिहून ठेवलंय, दागिने हॅनोव्हरचे, पाठवा. पुतणीच्या बाजूचं म्हणणं असं की त्यातले कितीतरी इंग्रजांच्या पैशातले, कुठले कुणाचे कोण सांगणार? आणि तोवर घालायचे थांबवले का? छे! प्रत्येक समारंभाला घालून हजर. काका तिकडून जळफळत. एकदा त्यांनी कुणाला तरी लिहिलं, पोरगी फार सुरेख दिसत होती म्हणे, माझे हिरे अंगावर लादून!

आणि काकांना ते हवे कुणासाठी? बायकोसाठी, फ्रेडेरिकासाठी. आता हिची कुंडली तर तुम्हाला ठाऊकच आहे. शार्लटआजीची सख्खी भाची! आधी लग्न ठरलं होतं आजीच्या धाकट्या मुलाशी, केंब्रिजच्या ड्यूकशी. ते मोडलं, भलत्याशीच लग्न करून बसली, आणि पुढे त्या केंब्रिजच्याच भावाच्या, अर्नेस्टच्या गळ्यात माळ घातली. आजीनं तिला जन्मभर उंबरा ओलांडू दिला नाही. सून म्हणून नाही, भाची म्हणूनही नाही. आणि त्याच सासूचे हिरे हिच्या गळ्यात पडायचे होते! पण नशीब बघा, १८४१ मध्ये बाई गेली. एक खडा हाताला लागला नाही. आजी वरून हसली असेल बाई.

काका एकदाच आले हो मधे लंडनला, राजा झाल्यावर. १८४३. राणीच्या लेकीच्या, ॲलिसच्या बारशाला बोलावलं होतं, तर बारसं आटपल्यावर पोचले. लेट यायचं आणि वर तोंडही फुगवायचं. त्याच महिन्यात केंब्रिजच्या लेकीचं, ऑगस्टाचं लग्न. आणि तिथे काय तमाशा! काकांचा हट्ट, मी राजा, मी राणीच्या शेजारी उभा राहणार. हा राणीचा नवरा आल्बर्ट साधा राजपुत्र, यानं मागे सरावं. देवापुढे, पायऱ्यांवर, नवरा-नवरी समोर, आणि हे दोघे कोपरं मारतायत! शेवटी आल्बर्टनं काकांना असं ढकललं की ते दोन-चार पायऱ्या खालीच गेले. हे आल्बर्टनं स्वतः भावाला कळवलंय, मनचं नाही सांगत.

एवढ्यावर थांबतील तर काका कसले. मग नोंदवहीत सह्या. काकांनी टेबलावर मूठ ठोकली, राणीनंतर सही माझीच. वही टेबलाच्या त्या टोकाला जात होती, काका पेनावर डोळा ठेवून. तर ही बाई चटकन टेबलाला वळसा घालून पलीकडे, वही ओढली, सही ठोकली आणि पेन दिलं नवऱ्याच्या हातात. काका पोचेपर्यंत आल्बर्टची शाई वाळत होती. चेहरा कसा झाला असेल! मला तो चेहरा बघायला मिळाला असता ना, तर मी तेव्हाच्या तेव्हा हॅनोव्हरला दागिने पाठवून दिले असते.

पण काकांच्या जिभेला तोड नाही, हेही खरं. ते आल्बर्टला म्हणाले, चला, गावात पायी फिरून येऊ. आल्बर्ट म्हणाला, नको, लोक त्रास देतात. तर काका म्हणतात कसे, मी इथे राहायचो तेव्हा मीही तुझ्याइतकाच नावडता होतो, मला कुणी त्रास दिला नाही! घ्या.

तर ते दागिन्यांचं. न्यायाधीश नेमले, कागद तपासले. आणि निकाल लागायच्या आत त्यातला एक वारला. झालं, गाशा गुंडाळला. काका १८५१ मध्ये गेले, दागिने न बघताच. पुढे त्यांच्या मुलानं, पाचव्या जॉर्जनं, परत दार वाजवलं. हा बिचारा पूर्ण आंधळा. दागिने मिळाले तरी दिसणार नाहीत, पण हक्क तो हक्क. आणि डिसेंबर १८५७ मध्ये निकाल हॅनोव्हरच्या बाजूनं. इकडे तात्या टोपे कानपूरला तोफा डागतायत, राज्य राहतं की जातं कळेना, आणि तिकडे राणीचं टेन्शन काय, तर आजीचे मोती! २५ जानेवारी १८५८ ला थोरल्या लेकीचं, व्हिकीचं लग्न, व्याही प्रशियाचे. व्याह्यांसमोर काय घालून उभं राहायचं? तुम्ही हसताय, पण बाईमाणसाला विचारा. मला तर तिचं वाईटच वाटलं. आजीची लग्नातली हिऱ्यांची चिमुकली मुकुटी गेली, छातीवरची वेलबुट्टी गेली, सगळं हॅनोव्हरच्या वकिलाच्या पेटीत.

आणि पुढे त्या आंधळ्या जॉर्जला तरी किती लाभलं? आठ वर्षं. १८६६ मध्ये प्रशियानं अख्खं हॅनोव्हर गिळलं. म्हणजे कुणी? व्हिकीच्या सासऱ्यांनीच! व्याहीबुवांनी राणीच्या चुलतभावाला घराबाहेर काढलं. मी काही म्हणत नाही... पण काय वाटलं असेल हो तिला? थोडं तरी बरं वाटलं असेल ना?

आता खरी मेख. गळा रिकामा झाला म्हणून ती गप्प बसली का? गॅरार्ड सराफाला बोलावलं. तलवारीवरचे, गार्टरच्या पदकावरचे अठ्ठावीस हिरे उपटले, हार घडवला, आणि मध्ये लोलक लावला तो कुठला? लाहोरचा. २२.४८ कॅरेटचा, नावच त्याचं लाहोर हिरा. मॅचिंग कानातले लोलकही तिकडचेच. आज राज्याभिषेकाला राण्या घालतात तो हाच हार, परवा २०२३ मध्ये कॅमिलानंही तोच घातला. काकांचे काढून द्यावे लागले, ती भोकं बुजवली रणजितसिंहाच्या खजिन्यातून. आणि काकांसाठी न्यायाधीश बसले, कागद निघाले, वीस वर्षं घोळ घातला. लाहोरच्या वारसाला किती वेळ दिला होता? दहा वर्षांचा पोरगा हो तो दुलीपसिंग, आई कैदेत, १८४९ मध्ये समोर कागद ठेवला आणि सही घेतली. कोहिनूर गेला, राज्य गेलं, पाचूंचा कमरपट्टाही गेला. तो मोठा तैमूरचा माणिक म्हणतात, तोही गेला. आणि गंमत म्हणजे तो माणिक नाहीच, भलताच तांबडा खडा निघाला. पण ठेवून घेतलाच.

कोहिनूर लंडनात लोकांना दाखवला १८५१ मध्ये, तर लोक म्हणाले, एवढंच? चमकतच नाही! मग १८५२ मध्ये पैलू पाडायला घेतला. पहिला पैलू कुणाच्या हातून? ड्यूक ऑफ वेलिंग्टन! हो हो, आपल्या असईचाच तो, शिंद्यांशी लढलेला. म्हातारपणी घोड्यावर बसून सराफाच्या दुकानात आला. अडतीस दिवस घासला, एकशे शहाऐंशी कॅरेटचा एकशे पाच-सहावर आणून ठेवला. मला तर बाई ऐकूनच पोटात कालवलं.

आणि १८५४ चं ते... हे जरा हळू सांगते. दुलीप तेव्हा पंधरा वर्षांचा, राजवाड्यात विंटरहाल्टर चित्रकारासमोर उभा, चित्र चाललंय. राणीनं हळूच त्याला सांभाळणाऱ्या लेडी लॉगिनला विचारलं होतं, पोराला कोहिनूर दाखवला तर चालेल का, वाईट वाटेल का त्याला? म्हणजे मनात खुटखुट होतीच की! डबी आणली. पोरगा खडा घेऊन खिडकीपाशी गेला. उजेडात फिरवतोय, फिरवतोय. पाव तास! कुणी काही बोलेना. लेडी लॉगिनच्या पोटात गोळा, आता हा खिडकीबाहेर भिरकावतो. राणी नुसती बघत उभी. मग तो वळला, चालत आला, मुजरा केला आणि तिच्या हातावर ठेवला. काय म्हणाला? तर आपल्या राणीला स्वतःच्या हातानं द्यायला मिळतोय, याचा आनंद आहे. पंधरा वर्षांचं पोर! आणि तिनं घेतलाही.

त्याची आई जिंदकौर, ती लंडनला पोचली १८६१ मध्ये. रिचमंडनं तिचं चित्र काढलं, बघा कधी, गळ्यात पाचू आणि मोती, नजर अशी की चित्रकारानंच नजर खाली घातली असेल. दोन वर्षांत गेली. तिला पंजाबात नेऊन अग्नी द्यायलाही परवानगी नाही. मग १८६४ मध्ये मुलानं कुठे आणलं? नाशकाला, गोदावरीवर. हिराही नाशिकचा आणि राणीची राखही नाशिकला. नंतर १९२४ मध्ये नातीनं लाहोरला नेली, रणजितसिंहाच्या समाधीशेजारी. आम्ही पंचवटीत इतकेदा गेलो, कुणी एका शब्दानं सांगितलं नाही.

जाऊ दे, डोळ्यांत पाणी नको. हसायचंही आहे की. व्हिक्टोरियाला स्वतःला प्रिय काय होतं, माहीत आहे? हे भांडणाचे हिरे नव्हेत, आल्बर्टनं केलेले दागिने. आता आल्बर्टची आवड म्हणजे... काय सांगू! व्हिकीचा पहिला दुधाचा दात पडला तर तो टाकावा ना छपरावर, जशी आपली रीत. यानं तो सोन्याच्या ब्रोचमध्ये बसवला, काट्याच्या फुलात! धाकट्या लेकीच्या, बिअट्रिसच्या दातांची कर्णफुलं. आणि बालमोरलला स्वतः मारलेल्या हरणांच्या चव्वेचाळीस दातांचा हार. तो घालून बाई जेवायला बसली असेल, आणि समोरच्यानं घास कसा गिळला असेल? पण संत्र्याच्या फुलांचा तो सेट मात्र गोड हो. पांढरी फुलं, आणि माथ्यावरच्या गजऱ्यात मीनाकारीची चार इवलीशी हिरवी संत्री, चार मुलांची चार. दात असोत की संत्री, त्यावर कुणी काका पत्र पाठवत नाही.

त्यानंच १८५३ मध्ये एक माथ्यावरचं वळं डिझाइन केलं, हिंदुस्थानी घाटाचं, आणि मधे ओपल, त्याचे लाडके खडे. व्हिक्टोरियानं जिवापाड जपलं, मरताना सगळ्या राण्यांसाठी ठेवून गेली. १९०१ मध्ये ती डोळे मिटते न मिटते, १९०२ मध्ये सूनबाई अलेक्झांड्रानं काय केलं? ओपल अपशकुनी! सगळे उपटले आणि माणकं बसवली. सासऱ्यांच्या हातचं डिझाइन हो! बरी वर्षानुवर्षं दबून होती सासूपुढे, पहिल्या संधीला हात मोकळे केले. मी तिला दोष देत नाही, पण जरा तरी थांबायचं.

आणि सुनेलाही एक गोष्ट कुठे ठाऊक होती? सासूच्या पेटीत, म्हणजे त्या शेवटच्या पेटीत... तिच्या डॉक्टर रीडनं गुपचूप काय ठेवलं? तिच्या नोकराचा, त्या जॉन ब्राऊनचा फोटो आणि केस, टिश्यू पेपरात गुंडाळून डाव्या हातात, आणि वर कुणाला दिसू नये म्हणून फुलं. फुलं कुणी दिलेली? अलेक्झांड्रानंच! आणि बोटात ब्राऊनच्या आईची अंगठी. साधी, सोन्याची. कोहिनूर लॉकरमध्ये, आणि बोटात नोकराच्या आईची अंगठी. तुम्ही म्हणाल नोकर होता. मी काही म्हणत नाही.

हां, एक राहिलंच, तुमची लेक लंडनलाच असते ना? मग तिला सांगा, आल्बर्टनं लग्नाच्या वर्षी केलेली ती नीलमण्यांची छोटी मुकुटी बघून ये. ४१५ पौंडांत घडवलेली. नवरा गेल्यावर बाई चार वर्षं पार्लमेंटला फिरकली नाही, १८६६ मध्ये गेली तेव्हा मोठा मुकुट बाजूला ठेवून हीच डोक्यावर, विधवेच्या टोपीवर. ती राण्यांसाठी ठेवली नव्हती, पुढे नात्यातल्या मेरीच्या लग्नात गेली, मग विकली गेली, आणि देशाबाहेर जायच्या बेतात होती. किंमत पन्नास लाख पौंड! एका श्रीमंत जोडप्यानं घेऊन म्युझियमला दिली. व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियम, नावही तेच. आत जायला तिकीट नाही, म्हणजे लेकीला कुरकुर करायला जागा नाही. फोटो मला पहिला पाठवायला सांगा हं. समोरच्या वाड्यात नंतर.